एकाच आवाजाचे दोघे

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे आणि माझी बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत तग धरते. तरीही, मित्रांनो, मी स्वतःला फार नशीबवान समजतो. का, ते ऐका.

दुकानातून मी थेट एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या खिशात गेलो. तिथे पक्कड, टेस्टर आणि ग्रीसने काळे झालेले फडके यांनी आधीच संसार थाटलेला होता. मला त्यांनी सामावून घेतले. माझ्या मालकांचे हात सदा माखलेले, त्यामुळे टाइप करणे त्यांना कधी जमलेच नाही. ते करंगळीने माझे बटण दाबून घरी आवाजी निरोप पाठवत. "उशीर होईल, बरं का." "पंखा बंद करा, बरं का." थोरली मुलगी परगावी कॉलेजला निघाली, की "जपून जा, बरं का." निरोप कोणताही असो, शेवटी 'बरं का' हवेच. बरोबरीचे मेकॅनिक त्यांना गमतीने 'बरंका' अशीच हाक मारत. हे सगळे निरोप मी पोटात सांभाळून ठेवले होते.

एके सकाळी जिना चढताना मालकांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांच्या हातून मी पायऱ्यांवरून गडगडत गेलो. हा तडा तेव्हाचा. मालक हळूहळू चालू लागले, पण त्यांची वाचा परत आली नाही. सगळे शब्द डोळ्यांत दिसत आणि ओठांवर एकही येत नसे.

त्यांच्या थोरल्या मुलीला घरात ताई म्हणतात. ती अ‍ॅप बनवण्याचे काम करते. तिने माझ्यातले सगळे निरोप आपल्या फोनवर उतरवून घेतले आणि वडिलांसाठी एक अ‍ॅप तयार केले. तिच्या फोनवर चित्रावर बोट ठेवायचे, की बाबा स्वतःच्या आवाजात बोलणार! "पाणी दे, बरं का," हे ताईच्या आईने ऐकले आणि भरलेला पेला हातात धरून ती तशीच रडत उभी राहिली.

माझे काम मात्र संपले होते. आईने मला पुसून कोरे केले आणि शेजारच्या बाईंना देऊ केले. "बॅटरीत काही दम नाही हो याच्या," असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. मग मी ड्रॉवरमध्ये पडलो, रबरबँडांच्या आणि कुलूप हरवलेल्या एका किल्लीच्या सोबतीला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मालक ज्या स्पीच थेरपीच्या वर्गाला जात, तिथे त्यांच्या शेजारी एक ड्रायव्हरकाका बसत. त्यांचीही वाचा गेलेली. एकदा त्यांना पंख्याचा गार वारा सोसेना, म्हणून ते छताकडे बोट दाखवत राहिले. कुणी त्यांना पाणी दिले, कुणी चष्मा दिला. शेवटी ते लहान मुलासारखे रडले. ताईने ते पाहिले आणि अ‍ॅप त्यांनाही द्यायचे ठरवले. पण काका आता दूर लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. एकदा अ‍ॅप स्टोअर सोडून परस्पर घेतलेल्या अ‍ॅपने त्या लेकीला चांगलेच फसवले होते. "स्टोअरवर आलं तरच घेईन गं," असे तिने ताईला फोनवर स्पष्ट सांगितले. काका निघायच्या आत स्टोअरची मंजुरी मिळायलाच हवी होती.

ताईने अ‍ॅप स्टोअरकडे तपासणीला पाठवले. ते परत आले. तपासणाऱ्यांनी लिहिले होते, 'उघडल्यावर पांढऱ्या पडद्याशिवाय काहीच दिसत नाही.' ताईने आपल्या फोनवर उघडून पाहिले, तर सगळे ठणठणीत! "डोळे मिटून तपासतात की काय?" असे म्हणत तिने तेच पुन्हा पाठवले. तेही परत आले. ताईच्या तोंडचे पाणी पळाले. काकांचे सामान बांधून झाले होते.

"अगं, त्यांचा फोन तुझ्यासारखा थोडाच असणार?" आई म्हणाली. "त्यांनी तुझं अ‍ॅप आयुष्यात पहिल्यांदा बघितलंय."

ताई एकदम उठली. अगदी कोरा फोन घरात एकच होता. तिने ड्रॉवर उघडून मला बाहेर काढले, चार्जिंगला लावले आणि माझ्यावर अ‍ॅप चढवले. मी उघडले आणि पडदा पांढराफटक! मित्रांनो, एरवी असे झाले असते तर माझ्या नावाने खडे फोडले गेले असते. ताईने मात्र मला छातीशी धरले. चूक तिच्या लक्षात आली होती. आवाज अ‍ॅपमध्ये नव्हतेच, ते तिच्या फोनमध्ये राहिले होते. माझ्यावर अ‍ॅप ते शोधत बसले. जे आवाज माझ्यात जन्मले, त्यांतला एकही आता माझ्यात उरला नव्हता.

तिने आवाज अ‍ॅपच्या आत घातले. माझ्यावर चित्रे उमटली आणि कितीतरी दिवसांनी माझ्यातून मालकांचा आवाज घुमला. मालकांनी मला ताईच्या हातून काढून घेतले आणि सरळ खिशात टाकले. तेव्हापासून मी तिथेच आहे.

काका निघण्याच्या दिवशीच सकाळी मंजुरी आली. त्यांना न्यायला आलेल्या लेकीने थेरपीच्या खोलीतच अ‍ॅप काकांच्या फोनवर घेतले. काकांनी पंख्याच्या चित्रावर बोट ठेवले. "पंखा बंद करा, बरं का." सगळ्यांनी वळून माझ्या मालकांकडे पाहिले. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि डोळे हसत होते. कुणीतरी धावत जाऊन पंखा बंद केला.

दारापाशी काका थांबले. त्यांनी चित्र शोधून दाबले, "येतो, बरं का." मालकांनी मला खिशातून काढले आणि करंगळीने उत्तर दिले, "जपून जा, बरं का." दोघे म्हातारे एकाच आवाजात एकमेकांचा निरोप घेत होते, आणि त्यांतल्या एकाचे शब्द माझ्या मुखातून निघाले होते. याहून मला काय हवे?

मित्रांनो, जुना फोन पुसण्याआधी त्यात कुणाकुणाचे आवाज आहेत ते एकदा ऐका आणि जपून ठेवा. आणि आमच्यासारख्यांना चार्जिंगची वायर जरा हळू लावत जा. माझे मालक लावतात तशी, बरं का.