शूरा कौन्सिलातलं अन्सारचं टिपण

अन्सार सोलकर बहारीनच्या शूरा कौन्सिलात कधीच बसला नाही, पण दोन वर्षं तो असा चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, स्वारी आत्ताच तिथून उठून आलीय. हे त्याच्याबद्दल दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही. तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना ती चाल करूनही दाखवतो.

अन्सार मूळचा रत्नागिरीकडचा. जुफैरमध्ये अबू खलील यांची बांधकामाच्या सामानाची पेढी होती, तिथे तो चौदा वर्षं इंग्रजी टायपिस्ट होता. राहायला राजधानी मनामातल्या नईम भागात, बायको बानू आणि मुलगी नाझिश यांच्यासोबत. त्र्याण्णव साली सरकारला सल्ला देण्यासाठी शूरा कौन्सिल नेमलं गेलं आणि त्यात अबू खलील यांचं नाव आलं. सगळे कामगार त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे मालक. अरबाबांनी वाहतुकीचा विषय धरला. रस्ते, सिग्नल, बस, ट्रक, काही सोडलं नाही. भाषण ते अरबीतच करत, पण परदेशांतले इंग्रजी अहवाल वाचून त्याचं एकपानी टिपण काढायचं काम अन्सारकडे आलं.

एकदा अन्सारच्या टिपणातलं एक वाक्य अरबाबांनी सभेत म्हटलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. झालं! अन्सारने ते कात्रण पाकिटात घातलं. शुक्रवारच्या नमाजानंतर नईमच्या चहाच्या दुकानात कोकणातली मंडळी जमायची, तिथे ते पाकीट वरचेवर उघडू लागलं. वकार नावाचा त्याचा गाववाला त्याला ‘खासदारसाहेब’ म्हणू लागला. तो चेष्टा करतोय हे सगळ्या दुकानाला कळत होतं, एकट्या अन्सारला सोडून. त्याने तर पुढच्या शुक्रवारी शर्टाला इस्त्रीही जरा कडक करून घेतली.

पंच्याण्णव सालच्या जून महिन्यात अरबाबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं निम्मं बोलणं इंग्रजीत असायचं, निम्मं हिंदीत.

“अन्सार, या वेळी बसच्या थांब्यांवर बोलायचंय. गरीब माणूस बसने जातो, त्याला काय त्रास होतो ते लिहून दे. तू रोज बसनेच येतोस ना?”

आता, अन्सार चौदा वर्षं पेढीच्या पिकअपमधून येत-जात होता. तीही ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, खिडकीशी. बसमध्ये शेवटचं कधी बसलो हे त्याला आठवतही नव्हतं. पण ‘खासदारसाहेब’ हे बिरूद कानात घुमत होतं ना! तो म्हणाला, “होय अरबाब, रोज.”

घरी येऊन त्याने टिपण लिहायला घेतलं. बानू म्हणाली, “अवो, बसचं तुम्हाला काय ठाऊक? शेजारच्या बायकांना विचारते हवं तर.”

“धोरण म्हणतात याला, बानू. धोरण विचारून लिहीत नाहीत.”

नाझिशने खांद्यावरून वाचलं. “अब्बा, यू नेव्हर टेक द बस.”

“तू अभ्यास कर.”

टिपण झकास उतरलं. प्रवासी सरासरी सात मिनिटं थांबतात, थांब्यांची अवस्था समाधानकारक आहे, मात्र दिशादर्शक फलकांच्या रंगसंगतीचा पुनर्विचार व्हावा, असं बरंच काही त्यात होतं. सात हा आकडा कुठून आला, तर अन्सारला तो आवडायचा म्हणून.

अरबाबांनी टिपण दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “गुरुवारी अर्धा दिवस आहे. दुपारी मी तुझ्याबरोबर बसने नईमला येतो. बघू तरी ती सात मिनिटं.”

अन्सार घाईघाईने म्हणाला, “अरबाब, ऊन फार असतं.”

“तुला रोज चालतं, मला एक दिवस चालेल. यल्ला, चल.”

गुरुवारी दोघं रस्ता ओलांडून थांब्यावर उभे राहिले. अरबाबांचा पांढरा झगा कडक इस्त्रीचा, अन्सारच्या शर्टाची इस्त्री घामाने केव्हाच गेलेली. नशिबाने बस लगेच आली. ती कुठली हे बघत बसलो तर आपली अब्रू जाईल, म्हणून अन्सार पाटीकडे न बघताच चढला. चढला तोही उतरायच्या दाराने. ड्रायव्हर ओरडला तेव्हा दोघं खाली उतरून पुढून परत चढले.

“हे दार नवीन झालंय,” अन्सार म्हणाला. अरबाबांनी मान डोलावली.

थोड्या वेळाने बस मनामाकडे वळायच्या ऐवजी पुलावर चढली. दोन्ही बाजूंना समुद्र दिसायला लागला. नईमच्या वाटेवर समुद्र नाही, एवढा भूगोल अन्सारला ठाऊक होता. बस पलीकडच्या बेटावर, मुहर्रकला चालली होती. पूल संपल्यावर पहिल्या थांब्यावर तो उठला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “इथून बदलावी लागते.”

पलीकडच्या बाजूला परतीचा थांबा होता. थांबा म्हणजे नुसता पाटी लावलेला खांब. ना छप्पर, ना बाकडं. पण तिथे आठ-दहा माणसं एकामागे एक अशी ओळीत उभी होती, जणू रेशनला. जवळ गेल्यावर अन्सारला उमगलं. खांबाशेजारी विजेचा एक जाडजूड खांब होता, त्याची सावली रस्त्याकडेला वीतभर रुंदीची पडली होती, आणि प्रत्येकाने त्या सावलीत आपलं निदान डोकं तरी बसवलं होतं. सावली सरकली की अख्खी ओळ पाऊलभर सरकायची.

अरबाब सरळ ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सावली तिथवर पोचतच नव्हती.

त्यांच्यापुढे एक मराठी बाई होती. अन्सारचा चेहरा बघून तिने विचारलं, “कोकणातले का तुम्ही, भाऊ?” तिचं नाव मथुरा. सावर्ड्याची. मुहर्रकच्या एका लाँड्रीत सकाळच्या पाळीला होती, आणि राहायला नईमलाच.

“विचार तिला, किती वेळ थांबते,” अरबाब म्हणाले. कपडे धुवायला हिंदी कशाला लागते, असं म्हणत मथुरा मराठीतच बोलू लागली आणि अन्सार दुभाषा झाला.

“कधी अर्धा तास, कधी तास. बस भरलेली असली की ड्रायव्हर हात करतो आणि जातो. एकटी बाई उभी असली तर कधीकधी रिकामी असूनही जातो. गेल्या ऑगस्टात माझ्याबरोबरची पोर इथेच चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी ओला टॉवेल ठेवते डोक्यावर.”

अन्सार शब्दन् शब्द सांगत गेला. आपल्या टिपणातली सात मिनिटं त्याने एव्हाना मनातल्या मनात खोडली होती. तेवढ्यात एक बस आली, ड्रायव्हरने हात केला आणि निघून गेली.

“आता तिला विचार,” अरबाब म्हणाले, “सकाळी नईमच्या थांब्यावर ती तुला रोज बघत असेल ना?”

अन्सारने विचारलं. दुसरं करणार काय?

मथुराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्हाला? पाच वर्षं मी त्याच थांब्यावर उभी राहते, भाऊ. तुम्हाला कधी बघितलं नाही बाई.”

अन्सार अरबाबांकडे वळला. ‘होय, रोज बघते’ एवढंच म्हणायचं होतं. अरबाबांना मराठी कुठे येत होती? पण समोर ती बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभी होती, आणि तिच्या तोंडी खोटं घालायला त्याची जीभ रेटेना.

“ती म्हणते, तिने मला कधीच बघितलेलं नाही. खरं आहे, अरबाब. मी पिकअपने येतो.”

अरबाब म्हणाले, “ठाऊक आहे. माझी केबिन फाटकासमोरच आहे. चौदा वर्षं तुला त्या पिकअपमधून उतरताना बघतोय.”

“मग ही बस...?”

“पाटी मी वाचली होती, मुहर्रक. म्हटलं, माझा माणूस रोजचा आहे, त्याला जवळची वाट ठाऊक असेल.” एवढं बोलून ते असे हसायला लागले, की ओळीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. अन्सारला आधी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग त्यालाही हसू फुटलं, आणि ते आवरेना. मथुराला वाटलं, दोघांना ऊन लागलं. तिने टॉवेल पुढे केला.

शनिवारपासून अन्सारचं पिकअपने येणं खलास. महिनाभर बसने फिरायचं आणि दिसेल ते लिहायचं, असा हुकूम झाला. बानूने त्याला पाण्याची बाटली आणि टॉवेल दिला, आणि शेजारच्या चार बायकांची नावंही. या वेळी त्याने मुकाट्याने विचारलं. दुसरं टिपण साध्या भाषेत होतं. कुठे सावली नाही, कुठे बस थांबत नाही, कोण चक्कर येऊन पडलं.

सभेत अरबाब त्यावर वीस मिनिटं बोलले. एक सदस्य म्हणाले, उन्हाळा हा काही सरकारचा दोष नव्हे. अरबाब म्हणाले, “नाही, पण छप्पर नसणं हा आपला आहे. मी स्वतः पाऊण तास उभा राहिलोय.” प्रश्न समितीकडे गेला. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, त्यात खांब नव्हता, मथुरा नव्हती आणि अन्सार तर नव्हताच. त्या शुक्रवारी त्याने चहाच्या दुकानात मुहर्रकची सगळी हकिगत सांगितली, उतरायच्या दारासकट. वकारला हसता हसता ठसका लागला. आजवरच्या कुठल्याही कात्रणाला एवढी दाद मिळाली नव्हती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पाच-सहा थांब्यांवर छपरं आली. त्यात मुहर्रकचा तो थांबाही होता. अन्सार गुरुवारी मुद्दाम बघायला गेला. छपराखाली ऐसपैस सावली होती, नवंकोरं बाकडं होतं, आणि सगळी माणसं उभीच होती.

“काय मथुराबाई, बसत का नाही?”

“छप्पर छान आहे हो,” ती म्हणाली. “पण बाकडं बाहेरच्या अंगाला, उन्हात, आणि पत्र्याचं. त्यावर पापड भाजून निघतील.”

अन्सारने खिशातून वही काढली. ‘बाकडं तापतं’ असं लिहिलं, आणि मग थांबला. ऐकीव माहितीवर लिहायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याने विजार सावरली आणि बसला.

तो ज्या वेगाने उठला, तो बघून मथुराने तोंडावर पदर घेतला.

“लिहा, भाऊ,” ती म्हणाली, “फार तापतं म्हणून लिहा.”