जेवणाआधी

हिरामणला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. बायकोची गोळी त्यानं कधी चुकू दिली नाही. कृष्णाबाईला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, दुपारच्या जेवणाआधी एक. ते काम हिरामणनं त्याच दिवशी अंगावर घेतलं. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. खाडीचं पाणी कधी घ्यायचं न् कधी तोडायचं हे ज्याला घड्याळावाचून कळतं, त्याला एका गोळीची काय मातब्बरी!

दुपारी तो मिठागरातून यायचा, हातपाय धुऊन बसायचा. समोर ताट आलं की आधी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून हाक मारायचा, "गोली घे गो." कृष्णाबाई पदर सावरत यायची, उभ्यानंच गोळी गिळायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. मगच तो पहिला घास उचलायचा. शेजारीपाजारी कौतुक करायचे आणि ते त्याला आवडायचंही.

अलीकडे दुपारची ती जरा विचित्रच वागायची. हात थरथरायचे, दरदरून घाम यायचा, कालवणात मीठ दोनदा पडायचं. मिठागरवाल्याच्या घरी खारट कालवण, म्हणून हिरामण हसायचा. एकदा ती रुचिकावर, थोरल्या सुनेवर, उगाच खेकसली तेव्हा तो म्हणाला, साठी बुद्धी नाठी. संध्याकाळपर्यंत ती ताळ्यावर यायची आणि विषय तिथंच मिटायचा.

मग धाकट्या प्रज्योतचा साखरपुडा आला. पेणकडचे पाहुणे उतरले. अंगणात पहिली पंगत बसली तेव्हा हिरामणनं सगळ्यांदेखत बायकोला हाक मारून गोळी दिली. मुलीच्या बापानं ओट्यावर बसलेल्या आपल्या बायकोला ऐकवलं, बघ, नवरा असावा तर असा. हिरामणची छाती फुगली.

पहिली पंगत पुरुषांची, दुसरी पोराबाळांची, तिसरी पाहुण्या बायकांची. घरच्या बाईनं शेवटी बसायचं, हे काही कुणाला सांगावं लागत नाही. तिसऱ्या पंगतीला भात वाढता वाढता कृष्णाबाई थांबली. हातातला डाव कुणाचा आहे हे आठवत नसल्यासारखी डावाकडे बघत राहिली आणि तिथंच कोसळली. रुचिका धावली. सासूची दातखीळ बसली होती, लुगडं घामानं चिंब झालं होतं. थोरल्या निकेतनं गाडी काढली आणि तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं.

बाहेरच्या बाकावर रुचिकाशेजारी हिरामण एकवीरा आईचं नाव घेत बसला. खाडीला उधाण येऊन बांध फुटताना तो कधी घाबरला नव्हता, पण आज घाबरला होता. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. साखर पार तळाला गेली होती, म्हणाल्या. शिरेतून दिली आहे, पण मेंदूला किती झळ बसली ते शुद्धीवर आल्यावरच कळेल. मग त्यांनी विचारलं, गोळी कधी घेतली होती?

"जेवनाआधी," हिरामण म्हणाला. "रोज मीच देतो, बाय. चुकवत न्हाय."

"आणि त्या जेवल्या कधी?"

 हिरामणनं सुनेकडे पाहिलं. रुचिका खाली मान घालून सांगू लागली. आत्या सगळ्यांचं झाल्यावर, भांडी आवरून, कोंबड्यांना घालून मग बसतात. कधी तीन वाजतात. भात संपला असला तर भाकरीचा तुकडा न् कोरा चहा. आज तर पोटात काहीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ही गोळी साखर उतरवते, म्हणून तिच्यामागोमाग अन्न पोटात जायला हवं. नाही गेलं तर साखर उतरतच राहते. "जेवणाआधी म्हणजे त्यांच्या जेवणाआधी, बाबा."

हिरामण भिंतीला टेकला. त्याच्या घरात जेवण म्हणजे त्याचं ताट. 'जेवणं झाली का?' असं कुणी दारातून विचारलं तर कृष्णाबाई उपाशीपोटी 'झाली' म्हणायची, आणि आपण खोटं बोलतोय असं तिलाही वाटत नसे. रोज आपल्याच हातानं आपण तिला काय दिलं, हे त्याला आता कळलं. त्याला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, त्याला ओळखलं. चार दिवसांनी घरी आली. शब्द जरा अडखळत होते, पण आल्या आल्या तिनं चूल पेटवलीच, कुणाचं ऐकलं नाही. दुपारी हिरामण आला आणि ताटावर बसेना. आधी तू जेव, म्हणाला. तुमच्याआधी कशी जेवू, म्हणून ती हसली. डॉक्टरांचा हुकूम आहे, असं त्यानं बजावलं, तेव्हा ती हळूच बोलली.

"गोली घेतलीस का, ता रोज इचारलात. जेवलीस का, ता कदी न्हाय इचारला."

टोमणा नव्हता तो. आज वारा पडलाय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. हिरामणला ते फार लागलं. त्यानं तिला दंडाला धरून बसवलं, तिच्यापुढं ताट ठेवलं आणि टोपावरचं झाकण काढलं. वाफाळलेल्या भातात डाव घातला आणि तो तसाच थांबला.

"किती वाढू गो?"

कृष्णाबाईला सांगता येईना. उरेल तेवढा, हेच तिचं आजवरचं माप होतं.