पीटरच्या उशाशी कोण होतं?

दवाखान्यात आपलं माणूस असलं की आपण सगळेच थोडे वेडे होतो. डॉक्टर येतात, फाइल चाळतात, दोन वाक्यं बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. दिवसभर समोर दिसते ती फक्त नर्स. सलाईन संपलं, सिस्टर! ताप उतरत नाही, सिस्टर! मग आपली सगळी भीती आणि सगळा राग तिच्याच वाट्याला जातो. वाचकहो, वसईतल्या एका खासगी रुग्णालयात जे घडलं, त्याची सुरुवातही अशीच झाली.

पाचूबंदरचा पीटर हा जुना मच्छीमार. बोटीवर जाणं त्याने कधीच सोडलं होतं, पण रोज धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणून द्यायचा. एका पावसाळ्यानंतर त्याची छाती भरली ती मोकळी झालीच नाही. श्वास लागू लागला तेव्हा मुलगा स्टॅनीने त्याला रुग्णालयात दाखल केलं. स्टॅनी कामणच्या एका गोदामात सुपरवायझर होता. रजा टाकून तो वडिलांजवळ बसून राहिला. आई मार्था गुडघ्यांनी अधू, म्हणून तिला घरीच ठेवलं होतं.

एका सकाळी डॉक्टरांनी स्टॅनीला बाजूला घेतलं. "हृदय फार थकलंय. आम्ही करतोय ते करतोय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. घरच्यांना बोलवायचं असेल तर बोलवा."

स्टॅनीने मान हलवली, पण आईला फोन केला नाही. फोन केला तर ते खरं होईल, असं त्याला वाटलं.

दुपारी नवं औषध लिहून दिलं गेलं. ते आणायला तो खाली मेडिकलमध्ये गेला. तिथे रांग होती, लिफ्ट अडकलेली होती. जिन्याने धापा टाकत तो वर आला, तर पीटरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला. आत डॉक्टर घाम पुसत उभे होते. एक तरुण नर्स पीटरच्या पापण्या हलक्या हाताने मिटत होती.

"सॉरी," डॉक्टर म्हणाले, "खूप प्रयत्न केला."

स्टॅनीच्या हातातली औषधाची पिशवी खाली पडली. तो नर्सकडे वळला. "मी आता खाली गेलो तेव्हा ते ठीक होते! काय करत होता तुम्ही? मला का नाय बोलावलं?"

"दादा, मी वॉर्डबॉयला तुमच्यासाठी खाली पाठवलं होतं..." ती बोलू लागली.

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. स्टॅनीने तिच्या कानशिलात भडकावली होती. तिची टोपी उडाली. ती भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसली. सगळा वॉर्ड बघत राहिला. शेजारच्या खाटेवरचा एक नातेवाईक मात्र मोबाइल उंच धरून उभा होता.

त्या नर्सचं नाव हेतल.

पीटरला पाचूबंदरच्या दफनभूमीत माती दिली. लोक भेटायला येऊ लागले. तोवर तो व्हिडिओ गावभर फिरला होता. स्टॅनीचा मित्र रॉबर्ट त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बरा केलास! या लोकांना असाच पायजे. नुसते मोबाइल बघत बसतात."

दुसरा म्हणाला, "मी असतो तर डॉक्टरला पन सोडला नसता."

स्टॅनीला ते ऐकून बरं वाटत नव्हतं, पण वाईटही वाटत नव्हतं. आपण वडिलांसाठी काहीतरी केलं, असं त्याने मनाला समजावलं. रुग्णालयानेही प्रकरण वाढवलं नाही. व्यवस्थापनाने हेतलला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तक्रार वगैरे नको. आपलंच नाव खराब होतं. चार दिवस घरी विश्रांती घ्या."

मार्थाला मात्र कुणी काही कळू दिलं नव्हतं. ती खिडकीशी बसून राहायची. आलेल्या प्रत्येकाला ती एकच विचारायची.

"शेवटला काय बोलला तो? कोन होता त्याच्याजवळ?"

स्टॅनी म्हणायचा, "आय, शांत झोपेत गेले ते."

"तू होतास ना?"

आणि स्टॅनी उठून बाहेर जायचा.

पीटरसाठी चर्चमध्ये महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतरची गोष्ट. दुपारच्या वेळी एक साठीपुढच्या बाई दारात आल्या. साधी सुती साडी, केस पांढरे, आवाज शांत. "मी मनोरमा," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर नर्सिंग केलं. आता निवृत्त आहे. पीटरबाबांच्या घरी भेटायला यायचं राहून गेलं होतं."

मार्थाने त्यांना जवळ बसवलं. मनोरमाबाईंनी तिचा हात हातात घेतला, पीटरची विचारपूस केली, त्याचा फोटो पाहिला. मग त्या स्टॅनीकडे वळल्या.

"परिचारिकांची एक आंतरराष्ट्रीय सन्मान संस्था आहे. अनेक देशांत तिच्या शाखा आहेत. अभ्यासात आणि सेवेत जी पुढे असते, तिलाच सभासद करून घेतात. आपल्या वसई-विरारच्या शाखेचं काम मी बघते. अर्नाळ्याला रक्तदाबाचं शिबिर घेतलं, शाळांमधून मुलींशी बोललो, अशा बातम्या आम्ही विभागीय बातमीपत्राला पाठवतो. यंदाची सगळ्यात मोठी बातमी हेतलची असणार होती."

हेतलचं नाव ऐकताच स्टॅनी ताठ झाला. "तुम्ही मला सुनवायला आलात का?"

"नाही. सांगायला आले. ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"कोन हेतल?" मार्थाने विचारलं.

मनोरमाबाईंनी क्षणभर स्टॅनीकडे पाहिलं. त्याने नजर वळवली. मग त्या मार्थाला म्हणाल्या, "ताई, हेतल त्या वॉर्डातली नर्स. ड्यूटी सांभाळून पुढचं शिकली. तिने एक गोष्ट पाहिली. माणूस जातो तेव्हा घरचे कुठे असतात? कुणी औषधाच्या रांगेत, कुणी बिलाच्या खिडकीशी, कुणी फोनवर. पडद्याआड माणूस एकटाच जातो. तिने ठरवलं, आपल्या वॉर्डात असं होऊ द्यायचं नाही. जिचा हात मोकळा असेल तिने जवळ बसायचं. हात धरायचा. त्याने हाक मारली तर ओ द्यायची. बाकीच्या मुलींनाही तिने हे शिकवलं. त्या कामासाठी आमच्या संस्थेने तिला निवडलं."

"मग माझ्या मानसाजवळ ती होती?" मार्था पुढे सरकली. "तिला मायती असंल तो काय बोलला! मला तिच्याकडं न्या!"

"ताई, ती आता तिथे जात नाही. तिने नोकरी सोडलीय."

"का?"

मनोरमाबाईंनी उत्तर स्टॅनीवर सोडलं. शेवटी स्टॅनीच म्हणाला, "मी मारलं तिला, आय."

मार्थाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"तू? बापाच्या मयतावर तू पोरीवर हात टाकला? आनि मला सांगितलास, झोपेत गेले?"

"मला काय सुचत नव्हतं, आय! पप्पा गेले होते! त्यांनी लक्ष द्यायला पाहिजे होतं."

"लक्ष कुणी दिलं नाही?" मनोरमाबाईंचा आवाज चढला नाही. "त्या दुपारी अख्ख्या वॉर्डाला मोजून दोन मुली होत्या. नर्स कमी आहेत हे मालकाला विचारायचं असतं, सरकारला विचारायचं असतं. तिथे आपला हात पोचत नाही. म्हणून जी सगळ्यात जवळ उभी असते, जी उलटून मारणार नाही याची खात्री असते, तिला आपण मारतो. तुमचं दुःख खरं होतं, स्टॅनी. पण दुःख खरं असलं म्हणून चपराक खरी ठरत नाही."

"लोक तर बोलले, बरं केलं..."

"लोक परत आपापल्या घरी गेले. ती मुलगी मात्र घराबाहेर पडत नाही."

स्टॅनी खाली बसला. वडील गेले त्या सकाळी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते आजवर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते त्याच्या तोंडून निघालं. "मला माहीत होतं ते जाणार. मी तुला बोलावलं नाय, आय. मला वाटलं, नाय बोलावलं तर जाणार नायत." आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्याने रडला.

मार्थाने त्याला जवळ घेतलं नाही. ती भिंत धरून उठली. "रिक्षा बोलव," एवढंच म्हणाली.

हेतल मनवेलपाड्याच्या एका चाळीत आईबरोबर राहत होती. मनोरमाबाई पुढे, मागे मार्थाला धरून स्टॅनी. दार हेतलच्या आईने उघडलं. स्टॅनीला पाहताच ती दारात आडवी उभी राहिली. व्हिडिओतला चेहरा तिने ओळखला होता.

"याला आत नाही घेणार मी."

"नको घेऊ, बाय," मार्था म्हणाली. "तो बाहेर उभा ऱ्हाईल. मी त्या मेलेल्या मानसाची बायको. मला पोरीशी बोलू दे."

आतून आवाज आला, "येऊ दे, मम्मी."

हेतल खाटेच्या कडेला बसली होती. बारीक, सावळी, डोळ्यांखाली काळं. मार्था तिच्यासमोर बसली आणि दोन्ही हात जोडू लागली. हेतलने ते हात घाईघाईने धरले. "नका ना, मावशी. तुम्ही काय केलंय?"

"मला फक्त सांग. काय बोलला तो?"

हेतलने दाराकडे पाहिलं. स्टॅनी उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा होता. ती हळू आवाजात सांगू लागली.

"श्वास कमी व्हायला लागला तसं मी डॉक्टरांना बोलावलं, दादांसाठी माणूस पाठवला. डॉक्टर येईपर्यंत मी काकांचा हात धरून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. त्यांना मी तुम्ही वाटले, मावशी. म्हणाले, 'मार्था.' मी म्हटलं, 'हां, मी हाय.' त्यांच्याच बोलीत बोलले. मग म्हणाले, 'पोराला जेवाला दे. कालपासून उपाशी हाय.' मी म्हटलं, 'देते.' त्यांनी माझा हात दाबला. बस, मग डॉक्टर आले."

तिने हेतलचा तो हात उचलून स्वतःच्या गालाला लावला आणि तशीच बसून राहिली.

दाराबाहेर स्टॅनीने सगळं ऐकलं होतं. मरताना बापाला आपल्या पोटाची काळजी होती! आणि त्या बापाला जिने हाताचा आधार दिला, तिच्यावर आपण हात उगारला! त्याला पहिल्यांदा स्वतःच्या उजव्या हाताची किळस आली.

"ताई," तो बाहेरूनच म्हणाला, "मला माफी मागायलाही तोंड नाय. पोलिसात चला, मी लिहून देतो. काय शिक्षा असेल ती घेतो."

हेतलने मान वर केली. मग म्हणाली, "दादा, तुमच्यावरचा राग मी मनातून कधीच सोडून दिला. पण वॉर्डाच्या दारात गेले की माझे हात कापतात. कापऱ्या हाताने इंजेक्शन देता येत नाही. तुमच्या माफीने ते थांबणार असतं तर मी रोज मागायला सांगितली असती."



पुढच्या रविवारी नर्सिंग कॉलेजच्या सभागृहात संस्थेचा सोहळा झाला. नव्या सभासदांनी मेणबत्त्या हातात घेऊन शपथ घेतली. हेतल आली होती, आईने इस्त्री केलेल्या पांढऱ्या साडीत. तिच्या साडीवर मानचिन्ह लावताना मनोरमाबाईंचे डोळे भरून आले. मागच्या खुर्च्यांवर पाचूबंदरची माणसं बसली होती. स्टॅनीने त्यांना ओढून आणलं होतं, रॉबर्टलाही.

परवानगी घेऊन स्टॅनी उभा राहिला. "व्हिडिओत जो दिसतो तो मी," तो म्हणाला. "गाववाल्यांनो, तुम्ही सगळ्यांनी मला शाबासकी दिली. आज पुढचं पण ऐका." आणि त्याने सगळं सांगितलं, वडिलांचे शेवटचे शब्दही. रॉबर्टने मान वर केली नाही.

मनोरमाबाई माइकपाशी आल्या.

"आज शाखेकडून विभागीय बातमीपत्राला दोन बातम्या जातील," त्या म्हणाल्या. "एक, आपल्या हेतलला हा सन्मान मिळाला. दुसरी बातमी मला लिहावीशी वाटत नाही, पण लिहिणार आहे. काल त्याच वॉर्डात, त्याच पडद्याआड एक आजोबा गेले. मुलगा परगावी होता. हेतलच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. दुसरी नर्स चार खाटा पलीकडे एका रुग्णाला रक्त चढवत होती. आजोबा कुणालातरी हाक मारत होते, असं शेजारचा रुग्ण सांगतो. ओ द्यायला कुणी नव्हतं."

हेतलने तोंड ओंजळीत झाकलं. मार्था उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चालत तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

हेतल त्या वॉर्डात परत गेली नाही. मनोरमाबाईंनी शाखेतर्फे 'शेवटची सोबत' हा उपक्रम सुरू केला. ज्यांचं कुणी जवळ नाही अशा रुग्णांपाशी स्वयंसेवक बसू लागले. कुणाचा हात कसा धरायचा, काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे हेतल त्यांना कॉलेजच्या एका खोलीत शिकवते. तेवढं ती करू शकते. पहिल्या वर्गात स्टॅनी सगळ्यात मागे बसला होता. आता सुट्टीच्या दिवशी तो स्वयंसेवक म्हणून रुग्णालयात जातो. परवा कुणा नातेवाइकाने सिस्टरवर आवाज चढवला, तेव्हा स्टॅनी मध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मला मारा. तिला नको. तिला मारलं तर तुमच्या माणसाजवळ बसायला कुणी उरणार नाय."

बंधुभगिनींनो, आपलं माणूस गेलं की रडावं, ओरडावं, जाब विचारावा. जाब ज्याने द्यायला हवा, त्याच्याकडे सनदशीर मागावा. पण सेवा करणाऱ्या हातावर हात उगारू नये! चपराक एका क्षणाची असते. तिने जी जागा रिकामी होते ती पश्चात्तापाने भरत नाही, आणि त्या रिकाम्या जागेपाशी उद्या आपल्यापैकीच कुणीतरी हाक मारत पडलेलं असतं.