ओट्याखालची ओळ

सुनेनं ठशाचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. नाहीतर तो पुन्हा गुंडाळला जायला बघतो. शिळेवर ओला कागद चिकटवायचा, ब्रशनं ठोकठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाईची गादी फिरवायची, म्हणजे काळ्या कागदावर अक्षरं पांढरी उमटतात. हे काम तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. आणि आता तेच काम सासऱ्यांच्या मुळावर आलं होतं.

सासऱ्यांना सगळे सर म्हणत. कॉलेजात म्हणत ते ठीक, पण घरातही. सासूबाई होत्या तोवर त्याही म्हणायच्या, निम्म्या आदरानं आणि निम्म्या टोमण्यानं. सून तर आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सून, त्यामुळे तिची सवय सुटायचा प्रश्नच नव्हता. सरांनी सगळं आयुष्य एका राणीपायी घातलं. आठशे वर्षांपूर्वीची राणी. पुरावा म्हणाल तर दोन शिलालेख, मूठभर नाणी आणि शत्रूच्या दरबारातल्या एका लेखकानं तिला हासडलेली शिवी: नवरा गिळला, मुलगा गिळला, आता मुलूख गिळायला बसली आहे. दोन शिलालेखांत साठ वर्षांचं अंतर आणि राणीचं नाव एकच. त्यावरून सरांनी आपल्या पुस्तकात मांडलं होतं की बाईनं साठ वर्षं राज्य केलं, ऐंशी उलटली तरी गादी सोडली नाही. एका परिसंवादात कुणी विचारलं होतं, ही राणी आहे की कासव? सरांनी त्या गृहस्थाशी जन्मभर अबोला धरला.

आता सरांना नुसत्या सावल्या दिसत. म्हणून राणीचं मोठं चरित्र सून लिहीत होती. प्रकाशकानं जाहिरातसुद्धा करून टाकली होती, साठ वर्षं राज्य करणारी राणी म्हणून.

दुसरा शिलालेख एका जुन्या विहिरीच्या भिंतीत होता. सरांनी त्याचा ठसा घेतला तेव्हा भिंतीला लागून दगडी ओटा होता आणि शिळेचा पायथा त्यात गाडला गेला होता. वर दिसणारा मजकूर वाक्य पुरं करूनच थांबत होता, त्यामुळे ओटा उकरून बघावं असं कुणाला सुचलं नाही. यंदा पाण्याचा नळ टाकायला तो ओटा काढला. सून सहज म्हणून गेली, तर खाली आणखी एक ओळ. राणीच्या नातीनं, आजीचंच नाव लावणाऱ्या नातीनं, आजीमागून गादीवर बसल्याच्या विसाव्या वर्षी ही विहीर बांधली. म्हणजे साठ वर्षांची राणी नव्हतीच. एकीमागून दुसरी, अशा दोघीजणी होत्या.

नवऱ्याला तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो भाजी निवडत होता. इतक्यात नको सांगूस, म्हणाला, पिकलं पान आहे, पुस्तक नंतर काढ. नंतर म्हणजे कशानंतर, असं तिनं विचारलं तेव्हा त्यानं पुन्हा भाजीत डोकं घातलं. वडील त्याचे होते, तरी जीव तिचा जास्त तुटत होता. या माणसाच्या नावावर ते एकच पुस्तक, आणि त्यावर पाणी ओतायचं तिच्या हातानं. लपवावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहू नये, तो उलटून बोलायला येत नाही, हे सरांनीच तर मनावर ठसवलेलं.

काठी टेकत सर आले. कागदाचा वास त्यांना दारातच लागला असावा, कारण चेहरा खुलला. खुर्चीत बसून त्यांनी तर्जनी अक्षरांच्या खाचांतून फिरवायला सुरुवात केली. लेख त्यांना तोंडपाठच होता, ओठ बोटाच्या पुढे पळत होते. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"इथं संपला."

"नाही सर," ती म्हणाली. "खाली आहे अजून. ओट्याखाली होती ती ओळ."

सरांचं बोट खाली सरकलं. आता ओठ बोटाच्या मागून चालत होते, एकेक अक्षर लावत. एका शब्दावरून ते तीनदा फिरले. स्वयंपाकघरात नवऱ्यानं नळ बंद केला आणि तो तिथंच उभा राहिला.

"नात," सर म्हणाले.

तिनं घाईघाईनं सांगायला घेतलं की यात त्यांची चूक नाही, ओटा होता, कुणालाही कळलं नसतं. सरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"ओटा होता आणि मी आळशी होतो. ते राहू दे. म्हातारी गेली तेव्हा ही पोर केवढी असेल?"

"पंधरा-सोळा. अंदाज आहे, सर."

"म्हणजे बरीच वर्षं एका घरात होत्या दोघी."

"हो."

सरांनी खुर्चीला पाठ टेकली. चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. पुष्कळ दिवसांनी घरून खुशाली कळावी तसे ते दिसत होते.

"शेवटचं प्रकरण लिहिताना मला फार वाईट वाटायचं गं," ते म्हणाले. "नवरा गेला, मुलगा गेला, आणि मी तिला रिकाम्या वाड्यात ऐंशीपर्यंत एकटी बसवून ठेवली. हाक मारायला माणूस नाही. किती वेळा लिहिलं आणि किती वेळा फाडलं. पण पुराव्यात दुसरं कुणी नव्हतंच, तर मी कुठून आणणार?"

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नसेल.

मग त्यांनी तिला लिहायला बसवलं. आधी माझी चूक, म्हणाले, माझ्या नावासकट, पहिल्याच पानावर, आडपडदा नको. तिनं ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं शब्द जरा मऊ केला होता, तो त्यांनी बरोबर पकडला आणि बदलायला लावला. त्यांचं बोट अजून शेवटच्या ओळीवर होतं.

"पंधरा-सोळाव्या वर्षी गादीवर बसली आणि वीस वर्षं टिकली," ते म्हणाले. "कुणी शिकवलं असेल तिला?"

"त्याला पुरावा नाही, सर."

"नाहीच."

ती वाट बघत राहिली.

"आजीनंच," सर म्हणाले. "हे लिहू नकोस."

तिनं पेन्सिल खाली ठेवली.