उजेडासाठी उभा राहिलेला माणूस

अतिकला पुण्याचं काम मिळालं हे कल्याणला त्याच्याच तोंडून कळलं, आणि त्याने दिलेला पेढा कल्याणने न खाताच कागदात गुंडाळून ठेवला. एक संस्था आजारपण आणि निराशा या विषयावर फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. फोटोत उभे राहणारे नट पुण्याहून येणार होते, जागा मात्र जालन्याकडच्या हव्या होत्या. खाली नाव लागणार अतिकचं. जुन्या जालन्यातल्या आपल्या स्टुडिओत ज्याला कॅमेरा धरायला शिकवलं, आणि जो गेल्या वर्षी वेगळं दुकान थाटून बसला, त्या अतिकचं! कल्याणचा जन्म मात्र नवरा-नवरीला हसा म्हणण्यात चालला होता.

त्यात भर म्हणजे जागा दाखवायला अतिकने त्यालाच बोलावलं. जिल्ह्यातल्या जागा भाऊंइतक्या कुणाला ठाऊक नाहीत म्हणे. कल्याणने मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं, याला एकही धड जागा दाखवायची नाही.

धड जागा होती. अंबडला बाजारामागे एक बंद पडलेला दवाखाना होता. पोपडे सुटलेल्या भिंती, एक लोखंडी खाट आणि झरोक्यातून येणारा मरतुकडा उजेड. आपलं स्वतःचं प्रदर्शन होईल तेव्हा कामी येईल म्हणून कल्याणने ती जागा कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या गल्लीच्या तोंडावरून त्याने मोटारसायकल सरळ पुढे काढली.

मग दिवसभर त्याने लग्नाच्या जोडप्यांच्या आवडत्या जागा दाखवल्या. तलावाचा काठ, मोसंबीची हिरवीगार बाग, अंतरवाली सराटीकडे फुटलेल्या कापसाचं रान. उजेड तपासायला एकाने जागेवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने फोटो काढून बघायचा, ही दोघांची जुनी रीत. कॅमेरा अतिकचा, म्हणून उभा राहिला कल्याण. अतिक त्याला हलू नका म्हणत होता आणि कल्याण उभ्या उभ्या जळत होता. याचा नवा कॅमेरा, याचं पुणं, याचं नाव. एवढ्या हसऱ्या जागेत आजारपण कसं दाखवतो तेच बघू, असंही त्याला वाटत होतं. पण त्यानेही जिवाला थंडावा मिळत नव्हता.

पुढच्या आठवड्यात अतिक घरी आला. जागा नापसंत झाल्याचंच सांगायला आला असणार, म्हणून कल्याणने बायकोला, आकांक्षाला, मोठ्या खुशीत चहा टाकायला सांगितला. जागा कळाव्यात म्हणून अतिकने कल्याण उभा असलेले ते फोटो पुण्याला पाठवले होते.

"संस्थेच्या बाई म्हणल्या, नट नकोत," तो खाली बघत म्हणाला. "भवताली सगळं फुलून राह्यलंय अन् हा माणूस आतून संपून राह्यलाय, असाच फोटो पाहिजे म्हणल्या. मी बोललो, ते आमचे भाऊ हायेत. तुम्ही हो म्हणले तरच, भाऊ."

त्याने मोबाइल पुढे केला. पांढऱ्याशुभ्र कापसात कल्याण उभा होता. ओठ सुकलेले, गाल बसलेले, डोळे कॅमेऱ्यामागच्या माणसावर खिळलेले. त्या क्षणी आपल्या मनात काय चाललं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला, कारण फोटो फार चांगला होता.

चहा घेऊन आलेल्या आकांक्षाकडे त्याने मोबाइल सरकवला. "तूच सांग याला. मी असा दिसतो का?"

तिने फोटो बराच वेळ पाहिला.

"अतिकभाऊ दुकानातून गेले तेव्हापासून," ती म्हणाली, "मी हेच तोंड पाहून राह्यले."