हॅरल्डचं कार्ड

इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या कापड गिरण्यांत एनिड साइक्सने उभा जन्म सुटाच्या कापडावर रफू केलं. गिरण्या गेल्या, तरी जुने शिंपी तिच्या घरी कापड पाठवत राहिले. गर्द निळ्या कापडातला तुटका धागा दिव्याखाली दिसत नाही; त्याला दिवसाचाच उजेड लागतो, तोही उत्तरेचा. त्यासाठी फ्रँकने, तिच्या नवऱ्याने, १९६९ साली उत्तरेच्या भिंतीला मोठी खिडकी काढली होती. आता फ्रँक नव्हता, शेजारचा हॅरल्डही नव्हता, आणि हॅरल्डचा मुलगा क्लाइव्ह त्या खिडकीसमोर घर वाढवून दुमजली भिंत उभी करणार होता.

"वीस वर्षं अखंड घेतलेला उजेड हक्काचा होतो," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "तुमची तर पन्नास झाली. स्वस्थ बसा."

एनिडला स्वस्थ बसवेना. आपल्या हातचा केक खाऊन वाढलेल्या पोराला कोर्टात खेचायचं तिच्या जिवावर आलं. तिने बिस्किटांच्या डब्यातून हॅरल्डने १९६९ साली पाठवलेलं कार्ड काढलं, त्याची प्रत क्लाइव्हच्या दारातून आत सरकवली आणि सोबत लिहिलं, 'तुझे वडील कसे होते ते बघ.'

कार्डावर हॅरल्डने लिहिलं होतं, 'खिडकी खुशाल काढा. उजेड घ्यायला आमची परवानगी आहे.'

दहा दिवसांनी वकीलबाईंनी तीच प्रत तिच्यापुढे ठेवली. क्लाइव्हच्या वकिलाने पाठवली होती.

"हे तुम्ही दिलंत त्याला?"

"म्हटलं, वाचून लाजेल."

"मिसेस साइक्स, लेखी परवानगीने घेतलेला उजेड हक्काचा होत नाही. ती मेहेरबानी. शंभर वर्षं झाली तरी मेहेरबानीच."

"आणि फ्रँक विचारायला गेलाच नसता तर?"

"तर उजेड तुमचा होता."

फ्रँक रविवारचा कोट घालून हॅरल्डकडे गेला होता. न विचारता भिंत फोडणं बरं दिसत नाही, म्हणून तिनेच त्याला पाठवलं होतं.

वसंतात भिंत छपरापर्यंत चढली. एनिडने निळी कापडं परत पाठवली. क्लाइव्ह दाराशी आला, हातात टोपी, अगदी बापासारखा.

"एनिड आंटी, तुमच्या बाजूने पांढरा रंग देतो. तेवढाच उजेड पडेल. चालेल ना?"

"तोंडी नको," ती म्हणाली. "लिहून दे. तुमच्या घराण्याचं अक्षर चांगलं आहे."