बाणवाला फोल्डर आणि मी

मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. झाकण हरवलेला, अंगभर ओरखडे पडलेला. नवा होतो तेव्हा ताई मला जपून खणात ठेवायची. आता तिच्या पिशवीत चाव्यांसोबत पडून असतो. त्याचं मला काही वाटत नाही. मात्र तिच्या धाकट्या भावाच्या हाती लागलो, याची शिसारी येते. घरात त्याला 'एक्स्पर्ट' म्हणतात. ही पदवी त्याची त्यानेच घेतलेली.

ताई मुलांच्या पुस्तकांसाठी थेट कॉम्प्युटरवर चित्रं काढते. ती सगळी 'डी' ड्राइव्हमधल्या एका फोल्डरमध्ये होती. डेस्कटॉपवर होता तो त्या फोल्डरचा नुसता शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा बाण असलेला. तो मूळ फोल्डरकडे नेतो. त्याच्यात स्वतःचं काही नसतं. मित्रांनो, तुम्हाला हे लगेच कळलं. एक्स्पर्टला जन्मात कळलं नाही.

कॉम्प्युटर विकायचा ठरला, तेव्हा त्याने तो शॉर्टकटच माझ्यात टाकला.

"इतक्यात झालं?" ताईने विचारलं. "सगळी चित्रं आली ना रे?"

"तुला काय कळतंय त्यातलं? हे बघ!" म्हणत त्याने माझ्यातला शॉर्टकट तिथेच उघडला. मूळ फोल्डर त्याच कॉम्प्युटरवर होता, म्हणून चित्रं दिसली. माझं पोट रिकामंच होतं. पण मला तोंड कुठे आहे? मग त्या दीडशहाण्याने कॉम्प्युटर पार पुसून कोरा केला.

प्रकाशकबाईंनी त्यांच्या ऑफिसात मला जोडलं. फोल्डर उघडेना. ताईने भावाला फोन लावला.

"त्यांचाच कॉम्प्युटर बिघडला असेल गं," तो म्हणाला.

पुसलेल्या कॉम्प्युटरपुढे दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

ताईने सगळी चित्रं पुन्हा काढली. त्यात एक म्हातारा सुतार होता. पहिल्या वेळी वडील शेजारी बसले होते, त्यांना बघून तिने तो काढला होता. आता वडील नव्हते. त्या चेहऱ्यापाशी ती कितीतरी वेळ थांबून राहिली.

एक्स्पर्टने मागून डोकावून पाहिलं. "बघ, आधीपेक्षा चांगला जमलाय! बरंच झालं की."



मित्रांनो, बाण दिसला की मूळ फाइल कुठे आहे ते शोधा. ती कॉपी करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. एवढाही आळस सुटत नसेल, तर कृपा करून आम्हाला हात लावू नका.